अबोली रंगाची रेघ

रिवणच्या बंद खाणीवरून परतलं
की गाडी लगेच धुवायची नाही.
हा कुस्तोदचा नियम.
आधी धूळ वाचायची.
नटाच्या गळ्याशी साचलेली तांबडी माती
केसाएवढी जरी चिरली असेल,
तर समजायचं, हा जागचा उठला होता.

मग धुवायची. मग त्याच्या बलकांवासमोर
लाकडी खोक्यावर चढवायची, दोन्ही चाकं हवेत.
जुन्या चादरीत गुंडाळलेले पाने उलगडायचे:
आठ, बारा, चौदा.
दहाचा माझ्याच खिशात, आणि मी तो शोधत असते.
सुटे भाग नारळाच्या करवंटीत.

पुढच्या ॲक्सलपासून सुरुवात,
मग चिमट्याचे बोल्ट, वरचे दोन, खालचे दोन,
हँडल, फुटरेस्ट, इंजिन जिथे फ्रेमला धरून असतं ते तिन्ही.
एक सिलिंडर म्हणजे एकट्या माणसाचा राग,
कुस्तोद म्हणतो,
तो बसतो एका खोलीत, हादरतं सगळं घर.

पूर्वी मला वाटायचं, घट्ट म्हणजे घट्ट.
पहिल्याच वर्षी ऑइलच्या बोल्टवर
मी अख्खी झुकले.
ॲल्युमिनियमचे आटे लोण्यासारखे आले,
पाना एकदम हलका झाला
आणि गोल फिरत राहिला, कशालाच न लागता.
ती पोकळी हातात राहिली आहे.
सांग्याच्या सोसायटीत, कर्जाच्या खिडकीशी
कोणी जरुरीपेक्षा गोड बोललं
की मनगटाला आधी कळते.

आता टॉर्क रेंच आहे.
तो टक् म्हणतो, एकदाच.
परत विचारायचं नाही.

आणि घट्ट झाल्यावर दर बोल्टवर
नेलपॉलिशची एक रेघ,
अर्धी नटावर, अर्धी फ्रेमवर.
कुडचड्याच्या बाजारातली, अबोली रंगाची,
बोटांना मी ती कधीच लावली नाही.
रेघ सरळ, तर सगळं जागेवर.
रेघ तुटली, तर कोणी तरी सरकलंय,
आवाज न करता, थोडंसंच.

काल संध्याकाळी मी गाडीखाली आडवी झाले.
इंजिनखालच्या पत्र्याचे मागचे दोन बोल्ट
कायम चिखलात. तिथे हात पोचत नाही,
म्हणून मी तिथे कधी रेघ ओढलीच नव्हती.
टॉर्च लावला.
दोन्ही बोल्टांवर रेघ होती.
निळी. ऑइलपेंटची,
कुस्तोदच्या खिडकीला असतो तो निळा.
पोरानं काढलेल्या नदीसारखी वाकडीतिकडी,
पण नटावरून फ्रेमवर
कुठेही न तुटता गेलेली.

दोन वर्षं झाली, त्याचे हात थरथरतात.
चहा कपात कमी, बशीत जास्त.
पान्याला तो हात लावत नाही,
निदान माझ्यादेखत.

"हे कधी केलंस?" मी खालूनच विचारलं.
"माका खबर ना," तो म्हणाला,
आणि मुंग्या मोजत असल्यासारखा
पायरीकडे बघत राहिला.
पत्र्याखाली झोपायला
त्याला किती वेळ लागला असेल,
परत उठायला किती,
हे मी विचारलं नाही.

"स्पोक वाजव," तो म्हणाला.
मी चाक फिरवत गेले, पान्यानं एकेक तार छेडत:
टिंग, टिंग, टिंग, टिंग,
ठप्प.
मला ऐकू येण्याआधी त्याचा हात वर.
"तो."
निपलला पाना लावला, पाव फेरा दिला.
"आनीक थोडो."
केसभर दिला.
"पुरो."
टिंग.

साडेनऊ वाजले होते.
सकाळी सातला झेंडा पडणार होता.
चादरीत पाने गुंडाळले, दहाचासुद्धा सापडला.
करवंटी उचलली तर आत काहीतरी खुळखुळलं.
एक वायसर.

आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो.